कंसातलं नाव

इर्मा कुबालाला या सगळ्यातून मिळण्यासारखं होतं ते एक वाक्य. फार मोठं नाही. 'इर्मा होती म्हणून चाललं होतं,' एवढंच. तेही कुणी तिच्या तोंडावर म्हणायला हवं होतं असं नाही. तिच्या पाठीमागे कुणीतरी कुणालातरी म्हटलं असतं आणि लोइसनं नेहमीच्या सवयीनं ते फोनवरून तिच्यापर्यंत पोचवलं असतं, तरी भागलं असतं. एका वाक्यासाठी माणूस काय काय पणाला लावतो याचा अंदाज त्याला स्वतःला आधी कधीच नसतो. इर्मानं लावलं ते तर तिचं नव्हतंच, आणि दुसऱ्याचं पणाला लावताना हात जरा सैल सुटतो.

ऑगस्टच्या अखेरची दमट दुपार होती. इमारतीच्या खालच्या दारात पत्रपेट्यांची रांग, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी कोबी उकडत असल्याचा वास. रानफूल मंडळाचं शरदातल्या फेऱ्यांचं पत्रक तिनं तिथंच उभ्या उभ्या उघडलं, कारण त्यात तिला वाचण्यासारखं काही नसायचंच. आपलं नाव जागेवर आहे ना एवढं बघायचं, बाहेर पडताना कुलूप एकदा ओढून बघावं तसं. शेवाळांची फेरी, नेच्यांची फेरी, आणि सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, ॲस्टरांची फेरी. नाव जागेवर होतं. पण त्याच्या दोन्ही अंगांना दोन बारीक वाकड्या रेघा होत्या: (इ. कुबाला) डॅ. ऑट. तिनं चष्मा पुसला. मग गळ्यातलं भिंग उघडलं. भिंग तिच्या गळ्यात बारा महिने असे, दुसऱ्या बायकांच्या गळ्यात क्रूस असतो तसं. कागदावर भिंग धरलं की शाईच्या कडा केसाळ दिसतात. कंसही केसाळ दिसला, पण कंसच होता.

आता या कंसाचं असं आहे, की तो झाडाफुलांच्या शास्त्रातला कंस. रोपाला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव त्या नावामागे कायमचं लागतं, पोराच्या मागे बापाचं लागावं तसं. पुढे कुणी विद्वान ते रोप त्या घराण्यातून उचलून दुसऱ्या घराण्यात नेऊन बसवतो, तेव्हा पहिला माणूस कंसात जातो आणि नेणारा कंसाच्या बाहेर उभा राहतो. हाकलत कुणाला नाहीत, फक्त आत सरकवतात. ॲस्टरांच्या बाबतीत तर एका झटक्यात सगळं घराणंच मोडलं होतं. खरे ॲस्टर समुद्रापलीकडचे, इकडच्या टेकड्यांवर शरदात फुलणारे हे ॲस्टर नव्हेतच, असं ठरलं, आणि ज्यांना तीन पिढ्या ॲस्टर म्हणून हाक मारली त्यांतल्या बहुतेकांना 'सिम्फायोट्रिकम' असं नाव मिळालं. 'नाव आहे की घशात अडकलेला काटा,' असं लोइस म्हणाली होती. त्याचा अर्थ जुळलेले केस. नाव ठेवणाऱ्याला म्हणे युरोपातल्या कुठल्याशा बागेतल्या फुलात बीजाचे केस बुडाशी एकमेकांना जुळलेले दिसले. ते तसे जुळलेले नसतात, इर्मानं भिंगाखाली हजारदा बघितलं होतं, सुटे असतात, फुंकर मारली की उडतात. पण या शास्त्राचा कायदाच असा, की पहिलं नाव चुकीचं असलं तरी पहिलं ते पहिलं. चूक कुणी खोडत नाही. माणसं मात्र कंसात जातात.

मंडळात हा कंस इर्मानंच आणला. ॲस्टरांची फेरी तिच्याआधी मिस टॉलिव्हर काढायच्या, लॅटिनची शिक्षिका, पावसाळी बूट आणि पुरुषी हॅट. त्या गेल्या त्या वर्षी इर्मानं पत्रकात गमतीनं आणि थोड्या गहिवरानं छापायला सांगितलं: (मिस टॉलिव्हर) इ. कुबाला. लोकांना ते फार आवडलं. मग नेच्यांच्या फेरीचे म्हातारे डॉक्टर गेले, ते कंसात गेले. शेवाळवाल्या बाई गेल्या, त्याही. इतकं, की दवाखान्यात कुणी अत्यवस्थ असलं की मंडळातले लोक विचारत, 'काय, कंस घासायला घ्यायचा का?' खरं तर नियमानं हे चूकच. मेल्यामुळे कंस येत नाही, रोप हलवल्यामुळे येतो; आणि मिस टॉलिव्हर असत्या तर त्यांनी चष्म्यावरून बघत ते सांगितलंच असतं. पण त्या कंसात होत्या.

वर येऊन इर्मानं पाकीट टेबलावर ठेवलं, पाणी प्याली आणि भिंतीवरच्या फोनवरून लोइसला फोन लावला. पत्रक टाइप करायचं काम लोइसचं.

"लोइस, मी मेले का?"

"कोण बोलतंय?"

"कंसातली."

पलीकडे चमचा बशीत ठेवल्याचा आवाज झाला. "एवढ्यासाठी होय. मला वाटलं पडलीस बिडलीस."

"आपल्याकडे कंसात कोण असतं?"

"तूच शिकवलंयस ना मला? मेल्यामुळे नाही, हलवल्यामुळे. दहा वेळा ऐकवलंस. तर डॅरिलनं फेरी हलवलीय. खालची ओळ वाचलीस का?"

खालची ओळ तिनं वाचली नव्हती. वर्षानुवर्षं त्या ओळीत एकच दफनभूमी होती, तिच्या मागचा उतार. आता तिथं शहराबाहेरच्या एका नव्या उद्यानाचं नाव होतं.

"तिथं शौचालय आहे," लोइस म्हणाली. "दोन आहेत. आणि बाकं. मागच्या वर्षी अर्ध्या उतारावर मिसेस फ्लिकची काय अवस्था झाली, विसरलीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

"तूच म्हणालीस, पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघा."

"ते मी दरवर्षी म्हणते."

"हो, आणि दरवर्षी आम्ही नाही नाही म्हणतो. मागच्या खेपेला त्यानं हो म्हटलं. नवा आहे गं तो, त्याला काय माहीत." मग, "आणि तुझं काय वाईट झालं सांग. गुडघे वाचले. बहिऱ्यांसाठी ओरडायचं वाचलं. तो काटा घशात घालायचा वाचला. आणि नाव आहेच की छापलेलं. फुकटात अमर झालीस, बाई."

इर्मानं फोन ठेवला. लोइसचा हिशोब चुकीचा नव्हता, हेच वाईट होतं. आपल्या तोंडदेखल्या नकारावर समोरच्यानं करायच्या तोंडदेखल्या आग्रहात आपण किती राहत होतो, हे तो आग्रह बंद झाल्यावर कळतं. मागच्या वर्षी उतारावर तिचा पाय घसरला होता, गवतात बसकण मारूनच ती म्हणाली होती, 'पुरे, आता दुसरं कुणी बघा,' आणि मग सगळे नेहमीसारखे हसायला लागले होते. त्या हसण्यात डॅरिल ऑटचा आवाज आला, 'मी करीन, मिसेस कुबाला. आनंदानं करीन.' चाळिशीचा, शाळेत गणित शिकवणारा, दाढी नीट कातरलेला गृहस्थ. त्यानंच तिला हात देऊन उठवलं होतं. हात कोरडा आणि उबदार होता. तिला वाटलं होतं, काय गुणी माणूस आहे.

तो उतार म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं. वर थडगी, खाली बसगाड्यांचा खास रस्ता, मध्ये कुणालाच नको असलेली जमीन. पुरायला फार उभी आणि बांधायला फार वाकडी. सप्टेंबरपर्यंत तिथं नुसतं रान. सगळीकडचं फुलणं आटोपलं, डेलिया काळ्या पडल्या, शाळांच्या बसमध्ये काचांवर वाफ धरायला लागली, की मग हा उतार आळसावल्यासारखा एकेक डोळा उघडी. आधी पांढरी छिटाची, बारीक फुलांची. तिची मधली टिकली आधी पिवळी असते आणि मग जांभळी होते, आणि नवखा माणूस एकाच फांदीवर दोन जाती मोजून खूश होतो. टिकली पिवळी आहे तोवर माशीला मध, जांभळी झाली की दुकान बंद. मग न्यू इंग्लंडची जांभळी, चिकट, चुरडली की टर्पेंटाइनसारखा वास येणारी. मग निळसर फुलांची, बदामाच्या आकाराच्या पानाची, ती तर रस्त्यारस्त्यावर. आणि तिच्यातच मिसळलेली, तिच्यासारखीच दिसणारी, पण ती नव्हे अशी एक. तिचं नाव मिस टॉलिव्हर असल्यापासून तीन वेळा बदललं होतं. कुणी म्हणे स्वतंत्र जात, कुणी म्हणे बदामीचाच एक प्रकार, कुणी म्हणे दोन जातींच्या भानगडीतून झालेली. इर्मा म्हणे, तेलकट. कारण ओळखायची खूण एकच: पान बोटांना गुळगुळीत, किंचित तेलकट लागतं. बदामीचं लागत नाही. अडचण एवढीच, की जे पान चाचपून बघायचं ते बुडाचं पान जूनमध्ये असतं. ऑक्टोबरात फूल येईपर्यंत ते वाळून गेलेलं असतं. म्हणजे जूनमध्ये पान बघायचं, ऑक्टोबरात फूल बघायचं, आणि मधले महिने विश्वास ठेवायचा.

इर्माचा विश्वास बोटांवर होता. गावातल्या मोठ्या दुकानात ती लग्नाआधीपासून हातमोज्यांच्या काउंटरवर होती. बाईनं कोपर मखमली उशीवर टेकवायचं, इर्मानं तिच्या बोटांवर मोजा चढवायचा, एकेक बोट, वरून खाली, न ओढता. डोळे मिटून ती कोकराचं कातडं आणि बकरीचं कातडं वेगळं सांगे. बाया मैत्रिणींना घेऊन येत, 'हिची गंमत बघ.' मग बायकांनी मोजे घालणं सोडलं. काउंटर तोच, पण वरची पाटी बदलली. हातमोजे गेले, पायमोजे आले, मग रुमाल, मग छत्र्या, मग एका सोमवारी पाटीच नव्हती. त्याच सुमाराला तिचा नवरा ओंद्रे कामाला होता ती पोलादाची गिरणी बंद झाली. तो दिवसभर खिडकीशी बसे, आणि तिनं त्याला एका रविवारी मिस टॉलिव्हरांच्या फेरीला ओढून नेलं, कारण फेरी फुकट होती. ओंद्रे काही शिकला नाही. मरेपर्यंत त्याच्या लेखी सगळी फुलं म्हणजे 'तुझं ते.' 'तुझं ते फुललंय बघ.' तो वर थर्मास घेऊन बसे आणि सगळं आटपून लोक गेले तरी उठत नसे. त्याला फुलांत रस नव्हता, त्यानंतरच्यात होता. नोव्हेंबरात फुलांची राखाडी बोंडं होतात, तेव्हा रानचिमण्यांचे थवे उतरत, उन्हाळ्यात पिवळ्याजर्द आणि तेव्हा मळकट झालेल्या, काडीला लोंबकळून बिया खात, काडी वाकली की उलट्या होत. ओंद्रे म्हणे, 'ही बघ, पगाराच्या दिवशीची कँटीन.' गिरणी बंद झाल्यावर तो एवढाच विनोद करत असे, आणि दरवर्षी तोच करी.

उतार उभा राहत होता तो एका फोनवर. दफनभूमीचा मुकादम पास्कारेला याला सगळं लख्ख कापलेलं आवडे. पहिल्या वर्षी इर्मा त्याच्या खोलीत जाऊन भांडली होती, आणि मग ठरलं ते असं, की सप्टेंबर लागला की तिनं फोन करायचा, 'अजून थांबा, फेरी व्हायचीय,' आणि फेरी झाली तरी बिया झडेपर्यंत त्यानं मशीन काढायचं नाही. त्याबद्दल नाताळात तिच्या हातची, अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी त्याच्या घरी. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. मंडळात कुणाला माहीत नव्हतं, लोइसलासुद्धा नाही. त्यांना वाटे उतार आपोआपच राहतो, आभाळ राहतं तसा. फोन दरवर्षी सारखाच होई.

"अजून थांबा, मिस्टर पास्कारेला."

"थांबलोच आहे की, बाई. गवत माझ्या कमरेला लागलं. लोक विचारतात, खालचे मेलेत की माळी मेलाय."

"मंडळाचं पत्रक आलं ना टपालानं?"

"लावलंय भिंतीवर. ते कंसातले कोण हो एवढे? दरवर्षी वाढतायत."

"ते सगळे वर गेलेले."

"मग इकडे आणून पुरा की त्यांना," पास्कारेला म्हणाला होता. "कागदात कशाला ठेवता. इथं जागा आहे."

सप्टेंबर लागला. फोन भिंतीवर होता. त्याच्या खालच्या खिळ्याला कॅलेंडर, कॅलेंडरात धबधबा. इर्मा चहा करी आणि फोनकडे पाठ करून बसे. तिचं म्हणणं साधं होतं: फेरी माझी नाही, तर फोनही माझा नाही. डॅरिलनं विचारावं. 'मिसेस कुबाला, त्या उताराचं तुम्ही काय करत होतात?' एवढं त्यानं विचारलं असतं तर तिनं हसत हसत सगळं त्याच्या हवाली केलं असतं, पास्कारेलाचा नंबर, अक्रोडाचं माप, सगळं. पण जे आहे हेच ज्याला माहीत नाही, ते तो विचारणार कसं? हे तिला कळत होतं. अशा वेळी कळण्याचा काही उपयोग नसतो. कळणं एका खोलीत बसतं आणि रुसवा दुसरीत, आणि मधलं दार कुणी उघडत नाही. मुळात त्यांनी उतार सोडलाय, मग कापला गेला तर गेला, कळेल त्यांना. आणि कळलं की ते वाक्य. ती ते वाक्य लोइसच्या आवाजात ऐके, मग डॅरिलच्या, आणि डॅरिलच्या आवाजात ते जास्त बरं वाटे, कारण त्याला वाईट वाटलेलं असे. एकदा तिनं फोन उचलला. पहिले तीन आकडे फिरवले. मग वाटलं, आपण कंसात आहोत. कंसातल्यानं कशाला बोलावं. हे तिला इतकं चोख वाटलं की ती स्वतःशीच हसली आणि फोन ठेवून दिला. चोख वाटणाऱ्या गोष्टींपासून सांभाळून राहावं, असं काउंटरवर तिला कुणी शिकवलं नव्हतं. उलट तिथं सगळं चोखच लागे.

दवाखान्याला जायला तिला आठवड्यातून एकदा ती बस लागे. खालच्या रस्त्यानं जाताना डाव्या खिडकीतून उतार दिसतो. सप्टेंबरभर ती उजव्या बाजूला बसली. एकदा डावीकडचीच जागा रिकामी होती, तर ती उभी राहिली, एका मुलीनं उठून जागा देऊ केली तरी उभी राहिली, आणि त्या मुलीला वाटलं म्हातारी खमकी आहे. न बघितलेला उतार अजून दोन्ही असू शकत होता, कापलेला आणि न कापलेला. जूनमधलं पान आणि ऑक्टोबरातलं फूल यांच्यामधल्या विश्वासासारखंच हे काहीतरी आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं, पण ते तिनं पुरतं येऊ दिलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी ती डॅरिलच्या फेरीला गेली. गेली नसती तर रुसली असं दिसलं असतं. पायवाट डांबरी होती. मिसेस फ्लिक सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा शौचालयात जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा समाधानानं बाहेर आल्या. डॅरिल वाईट नव्हता. तो मोबाइल फुलापुढे धरी, मोबाइल नाव सांगे, आणि मग तो म्हणे, 'याच्यावर विश्वास ठेवू नका हं, बुडाचे हिरवे खवले बघा,' म्हणजे तिचंच वाक्य, तिच्याच आवाजातल्या चढ-उतारासकट. हे त्याला ठाऊक नव्हतं की ठाऊक असूनच होतं, तिला ठरवता येईना. जुळलेल्या केसांची गोष्ट त्यानं सांगितली. लोक हसले. तिच्या वेळेला हसत त्याहून किंचित जास्त हसले.

"मिसेस कुबाला," परतताना तो तिच्या चालीनं चालत म्हणाला, "तुमची ती तेलकट पानाची इथं एकही नाही. मी उन्हाळाभर शोधली."

"नसायचीच इथं."

"पुढच्या वर्षी दोन फेऱ्या करू या. एक इथं, एक तुमच्या उतारावर. उतार तुम्ही घ्या. मला खरं तर ती तुमच्याकडूनच शिकायचीय. जूनमध्ये याल का माझ्याबरोबर? पान बघायला?"

तिनं त्याच्या बुटांकडे बघितलं. नवे होते, चिखलाचे नव्हते. कंस आणि बाहेरचा माणूस, दोघांनाही जागा होती तर. हे त्यानं ऑगस्टमध्ये का म्हटलं नाही, असं तिला विचारावंसं वाटलं. पण ऑगस्टमध्ये तिनं तरी काय म्हटलं होतं. "बघू," ती म्हणाली. "गुडघे काय म्हणतात बघू." आणि हेही तोंडदेखलंच होतं, आणि हा माणूस तोंडदेखलं खरं धरतो, हे आठवून तिला धस्स झालं.

"नक्की बघा," डॅरिल म्हणाला. "घाई नाही."

त्या रात्री तिला झोप लागली, हे विशेष. दुसऱ्या दिवशी उठल्यावर मात्र ती फोनपाशी गेली आणि तशीच उभी राहिली. आता फोन करून काय विचारायचं? कापलं असेल तर कापलं. नसेल तर राहीलच. ज्या फोननं काही बदलायचं नाही तो करायला माणसाला फार बळ लागतं, आणि ते बळ तिनं सप्टेंबरात न करण्यात खर्चून टाकलं होतं.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, पितरांच्या दिवशी, मात्र दफनभूमीत जावंच लागतं. ओंद्रेच्या दगडावर तिचंही नाव तो गेला तेव्हाच कोरून घेतलं होतं, दोघांचं एकदम स्वस्त पडतं म्हणून: नाव, जन्मसाल, आडवी रेघ, आणि पुढे मोकळी जागा. दुपारी ती वर पोचली तेव्हा दगडापुढे एक लाल काचेचा दिवा आधीच जळत होता. ती आपला दिवा हातात धरून उभी राहिली. ओंद्रेचं इथं दुसरं कुणी नव्हतं. भाची लांब वाळवंटात राहायची आणि नाताळात कार्ड पाठवायची.

मागून छोटी गाडी थांबल्याचा आवाज आला. पास्कारेला उतरला, दोन पावलं आला आणि जागच्या जागी थांबला. मग त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही तर कंसात गेलात."

"जिवंत गेले."

"मला कसं कळणार? पत्रक आलं, मी वाचलं. तुम्हीच सांगितलं होतंत, कंसातले सगळे वरचे. त्यात फोन नाही आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाही आला. म्हटलं, आता शंका कसली."

"फोन करून विचारायचं."

"कुणाला? मेलेल्या बाईच्या घरी फोन लावून, बाई गेल्या का हो, असं? आणि तुम्ही उचलला असतात तर? मीच गेलो असतो कंसात." तो दगडाकडे बघत होता. "हा दिवा तुमचाच. साल कोरायला कुणी आलं नाही, ते जरा खटकलं. पण म्हटलं भाची लांब असते, येईल सवडीनं."

इर्मानं आपला दिवा त्याच्या दिव्याशेजारी ठेवला. वाकताना गुडघा वाजला. "कधी कापलात?"

"सप्टेंबरातच. पंधरवडा वाट बघितली, खोटं नाही बोलत." त्यानं टोपी दोन्ही हातांत फिरवली. "माणसांना मशीन काढायला सांगितलं तेव्हा म्हटलं, आधी टोप्या काढा रे. ती बाई होती म्हणून हा उतार एवढी वर्षं उभा राहिला. काढल्या त्यांनी. तो नवा पोरगा आहे ना, कानात सतत ते गाण्याचं बोंडूक घालणारा, त्यानंसुद्धा काढली."

तर वाक्य आलं. अगदी तसंच, जवळजवळ शब्दाला शब्द, आणि टोप्या काढून. इर्मानं ते ऐकलं. ते आत कुठं जाऊन बसेल आणि तिथं उजेड पडेल असं तिला दोन महिने वाटत होतं. ते आलं आणि चहाच्या कपाच्या कडेवर माशी बसावी तसं बसलं.

ती उताराच्या काठाशी गेली. पास्कारेला तिच्या दंडाला हात न लावता पण लावायच्या बेतात मागे आला. सगळं घोट्याएवढं होतं. पण अगदीच मेलेलं नव्हतं. कापल्यानंतर जे उरलं होतं त्यातून बुटक्या फांद्या फुटल्या होत्या आणि त्यांच्यावर बोटाच्या उंचीवर, गवताला लागून, निळसर फुलं आली होती, ठेंगणी, उशिराची, कुणाला न विचारता आलेली. आणि त्यांच्या बुडाशी नवी कोवळी पानं. इर्मा आधी वाकली आणि मग सरळ खालीच बसली. पान आणि फूल एकाच वेळी, एकाच रोपावर; मिस टॉलिव्हरांनी हे कधी बघितलं नव्हतं, तिनंही नाही. मधले महिने गाळून टाकले होते. आता विश्वास ठेवायचं कारण नव्हतं, हात लावायचा आणि सांगायचं, एवढंच.

तिनं पान अंगठा आणि पहिल्या बोटात धरलं. घासलं. डोळे मिटले. थंडी होती. तिनं हात काखेत धरून ऊन केला आणि पुन्हा धरलं. मग शेजारच्या रोपाचं धरलं. दोन्ही सारखीच लागली, म्हणजे लागलीच नाहीत. बोटांच्या टोकांशी काहीतरी होतं, कागद असावा, किंवा दुसऱ्या कुणाचा हात असावा, असं. कधीपासून असं झालं होतं? मागच्या जूनमध्ये तिनं पान धरून 'ही बघा तेलकट' म्हटलं होतं, आणि लोकांनी धरून 'हो हो' म्हटलं होतं. तेव्हा तिला लागलं होतं का तेलकट? की आठवलं होतं?

"मिस्टर पास्कारेला, जरा हे बघा. हात लावा."

तो उकिडवा बसला, पान चिमटीत धरलं, मान वाकडी केली.

"तेलकट लागतं?"

"लागतं."

"आणि हे?"

"हेही लागतं." त्यानं आपले हात उलटेसुलटे करून दाखवले. नखांच्या कडा काळ्या होत्या. "पण बाई, मी सकाळपासून मशीन उघडून बसलोय. मला आज पावही तेलकट लागला."

इर्मा हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, आणि पास्कारेलाला काय करावं कळेना म्हणून तोही थोडा हसला. मग तिनं दोन्ही पानं खुडली, वेगवेगळ्या खिशांत ठेवली आणि मग कुठलं कुठल्या खिशात हे लगेच विसरली. ही पानं डॅरिलला दाखवायला हवीत. त्याचे हात कोरडे आहेत, तिला आठवलं. त्याला फोन करावा लागेल, आणि फोन केला की उतार कापला गेला हे सांगावं लागेल, आणि तो विचारील, कसा काय कापला, आणि तो खरोखरच विचारील, कारण तो जे विचारतो ते त्याला खरंच हवं असतं.

पास्कारेलानं हात दिला. तिनं धरला. तो तेलकट होता की नाही, हे काही तिला कळलं नाही.

तेवढ्यात वरच्या बाजूनं थवा आला. नेहमीचाच, मळकट हिवाळी रंगाचा, आभाळात खाली-वर हिंदकळत, बारीक किणकिणत. उतारावर येऊन तो खाली वळला, जसा दरवर्षी वळतो, आणि मग बसायला काडी नाही म्हणून पुन्हा वर गेला. एकदा फिरून आला, पुन्हा वळला, पुन्हा वर गेला. पास्कारेला टोपी घालत म्हणाला, "काय शोधतायत ही?" डॅरिलला त्याचा रविवार मिळाला होता, मिसेस फ्लिकना दोन शौचालयं, लोइसला नियमात बसणारा कंस, पास्कारेलाला लख्ख उतार, आणि इर्माला तिचं वाक्य. ज्यांनी या सगळ्याची किंमत भरली ती पाखरं एव्हाना बसच्या रस्त्यावरून पलीकडे नदीच्या दिशेनं निघाली होती, रिकाम्या पोटानं.